बेस वेट: पाच किलोच्या आत

रविवार, १ जून

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. (रोज म्हणजे जमेल तसं. दडपण नको.) वहीचं वजन १६४ ग्रॅम, पुठ्ठ्यासकट.

मराठीत लिहितोय त्याला कारण आहे. ही वही बॅगेच्या वरच्या कप्प्यात राहणार. सुजाता माझ्या कॅम्पिंगच्या सामानाला हात लावत नाही, तसं तिने सात वर्षांपूर्वी जाहीर केलं आहे. मृण्मयी हात लावते, पण तिला मराठी वाचता येत नाही. बोलते फाडफाड, पण शाळेत तेलुगू आणि फ्रेंच. देवनागरी पाचवीत सुटली ती सुटलीच. दुकानाची पाटीसुद्धा अक्षर अक्षर लावत वाचते, आणि माझं अक्षर तर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. थोडक्यात, इथे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

तर मुद्दा. मृण्मयी १२ ऑगस्टला पुण्याला जाणार, डिझाइन कॉलेजला, चार वर्षांसाठी. त्याआधी एक रात्र तंबूत. आम्ही दोघंच. ती नऊ वर्षांची असताना शब्द दिला होता. मधे नऊ वर्षं गेली, मान्य. पण त्या नऊ वर्षांत मी काही झोपा काढत नव्हतो, तयारी करत होतो. तीन तंबू, चार स्टोव्ह, दोन स्लीपिंग बॅगा, पाच हेडलॅम्प. हैदराबादमध्ये इतका तयार मराठी माणूस दुसरा नसेल.

तारीख ठरली: शनिवार, २ ऑगस्ट. विकाराबादच्या बाजूला एका शेतकऱ्याचा माळ आहे, गाडी लावून तीन किलोमीटर चढ. वरून तलाव दिसतो म्हणे. लिहून टाकलं, म्हणजे झालंच.

मंगळवार, ३ जून

ऑफिसची वार्षिक तपासणी. ईसीजी काढणाऱ्या मुलीने एकदा पट्टी काढली. मग पुन्हा काढली. मग कोणाला तरी बोलावून आणलं आणि तिसऱ्यांदा काढली. मशीन जुनं असणार. माझ्या जुन्या हेडलॅम्पचं असंच व्हायचं, कॉन्टॅक्ट पुसले की चालायचा. तिला तसं सुचवलं. ती म्हणाली, अंकल, हिलो मत.

गुरुवार, ५ जून

हिमायतनगरमध्येच डॉ. वेणुगोपाल यांच्याकडे पाठवलं. दुसरा मजला, लिफ्ट बंद. वर पोचल्यावर भिंतीवरचं हृदयाचं चित्र बराच वेळ पाहिलं. चित्र चांगलं होतं.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली. म्हणाले, मिस्टर श्रीकांत, याच आठवड्यात टीएमटी करा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी, मग कदाचित अँजिओग्राफी. छातीत दुखलं तर जिथे असाल तिथे बसायचं आणि ही छोटी गोळी जिभेखाली ठेवायची, वाट बघायची नाही. आणि वजन उचलायचं नाही.

वजन म्हणजे नेमकं किती, असं मी विचारलं. इंजिनियर माणूस आहे, मोघम चालत नाही. ते जरा वैतागले. म्हणाले, अहो, पाच किलोची तांदळाची पिशवीसुद्धा नाही.

पाच किलो. म्हणजे पाचच्या आत चालेल.

इतका स्पष्ट डॉक्टर पहिल्यांदा भेटला.

टीएमटीची वेळ १० जूनची घेतली. क्लिनिकचा नंबर फोनमध्ये 'टेंट वॉरंटी' या नावाने सेव्ह केला आहे, उगाच सुजाताला घोर नको. तिने रिपोर्टचं विचारलं. वयाच्या मानाने उत्तम, असं सांगितलं. डॉक्टरांची फाइल निळ्या तंबूच्या पिशवीत ठेवली. ती पिशवी २०१९ पासून कोणी उघडलेली नाही.

शनिवार, ७ जून

कोठीच्या एका दुकानातून सोनाराचा डिजिटल काटा आणला. हॉलमध्ये चादर अंथरून सगळं सामान मांडलं आणि एकेक जोखलं. बेस वेट, म्हणजे अन्न, पाणी आणि इंधन सोडून बॅगेचं वजन: १३ किलो २४०.

थोडं जास्त आहे.

पण सामान बघून ऊर भरून आला. बीडाचा तवा (२ किलो १००). बेगमबाजारातून घासून घेतलेला पितळी कंदील. घडीची करवत. कोयता, ज्याला मी स्वतः बैलाच्या चामड्याचं म्यान शिवलं. चकमक, जिने मी एकदा खरोखर जाळ केला होता, गॅलरीत, कापसावर.

सुजाता चादर ओलांडून स्वयंपाकघरात गेली. परत येताना थांबली. आठ किलो कमी करायचेत असं कळल्यावर म्हणाली, जागा मला माहीत आहे, आणि माझ्या पोटाकडे पाहिलं. शरीराचं वजन बेस वेटमध्ये धरत नाहीत, असं मी शांतपणे समजावलं. कोणी ठरवलं, असं तिने विचारलं. जगभर हीच पद्धत आहे, असं सांगितलं. ती हात टेकून गेली.

(शरीर: ९४ किलो ६००. नुसती नोंद.)

मंगळवार, १० जून

टीएमटी पुढे ढकलली. आज कंदिलाच्या वातीचं काम होतं.

शनिवार, १४ जून

यूट्यूबवरचा तो कॅनडाचा दाढीवाला म्हणतो, ग्रॅम सांभाळा, किलो आपोआप सांभाळले जातील. तो टूथब्रशची दांडी कापतो. मीही करवतीने कापली. सहा ग्रॅम वाचले. नंतर कळलं की तो सुजाताचा होता.

मग माझाही कापला.

शुक्रवार, २० जून, सकाळी ७.३०

ट्रेनिंग सुरू. बॅग पाठीला लावून आमचे तीन मजले चढायचे. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर छातीवर कोणीतरी पाट ठेवून वर बसल्यासारखं झालं, आणि डावा हात जड पडला.

कारण सापडलं. बॅगेचा डावा पट्टा उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटर आखूड आहे. सगळा भार डाव्या बाजूला येणार नाही तर काय. तिथेच पायरीवर बसून पट्टा नीट केला. दहा मिनिटं लागली.

तेवढ्यात वॉचमन यादगिरी पाण्याची मोटर बंद करून वर आला. म्हणाला, साब, सुबै सुबै इत्ता पसीना कायकू? बॅगेच्या पाठीला हवा खेळायला जागा नाही, असं मी त्याला दाखवलं. तो बॅगेकडे बघेचना, माझ्याकडेच बघत राहिला. मग बॅग उचलून घरापर्यंत आणून दिली. मी नको म्हणत होतो.

रविवार, २२ जून

तवा काढला. कोयता काढला. म्यान राहू दिलं होतं, संध्याकाळी तेही काढलं. ९ किलो ८००.

मृण्मयी कोचिंगच्या मैत्रिणीकडे दिलसुखनगरला गेली होती. आल्यावर तिने विचारलं, बाबा, आपण खरंच जातोय ना? लास्ट मिनिट नक्को हां. मागच्या सहा वेळांचं तिला आठवतंय. त्यातल्या चार वेळा हवामान खराब होतं आणि दोन वेळा कुरिअर वेळेवर आलं नव्हतं. या वेळी नक्की, असं सांगितलं. ती हसली. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. ते फार लागलं.

वाटेल ते झालं तरी २ ऑगस्ट चुकवणार नाही.

रविवार, २९ जून

टेंट वॉरंटीचे तीन मिस्ड कॉल. सुजाता म्हणाली, तंबूवाले किती काळजीने फोन करतात रे.

रविवार, ६ जुलै

काल गच्चीवर रंगीत तालीम. मृण्मयी आणि मी हिरव्या तंबूत. साडेनऊला आडवे झालो. आडवं झालं की श्वास अपुरा पडत होता, उठून बसलं की बरं. अर्थ उघड आहे: तंबूला खिडक्या कमी. जागी झाली तेव्हा मृण्मयीने विचारलं, बाबा, असा बसून काय करतोयस? राखण करतोय, असं सांगितलं. गच्चीवर कोण येणारे, म्हणाली आणि झोपली. मी पहाटेपर्यंत राखण केली.

निष्कर्ष: तंबूच नको. नुसता टार्प, म्हणजे वरून ताणायचं कापड, दोन्ही बाजू उघड्या. तंबू १ किलो ९००, टार्प ४१० ग्रॅम. तालमीचा फायदा असा होतो.

रविवार, १३ जुलै

६ किलो ७५०. आता काय काढावं ते कळेना. प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली.

बाबांचा दाढीचा गोल स्टीलचा आरसा सामानात आहे, ५८ ग्रॅम. जंगलात उन्हाची तिरीप पाडून खूण करायला उपयोगी, असं सगळे तज्ज्ञ सांगतात. तो काढायला हात होईना. सदाशिव पेठेतल्या घरी बाबा याच आरशात बघून दाढी करत होते तेव्हा गेले. अर्ध्या गालावर साबण होता. बावन्न वर्षांचे होते.

मला ऑक्टोबरमध्ये बावन्न पूर्ण होतील. पण बाबा सिगरेट ओढायचे. आणि त्यांना कसलाच छंद नव्हता.

आरसा ठेवला. त्याऐवजी दुसरी चड्डी काढली.

शनिवार, १९ जुलै

आजचा शोध: गोळ्यांपेक्षा गोळ्यांच्या पाकिटाचं वजन जास्त. पाणी शुद्ध करायच्या क्लोरिनच्या गोळ्या, चहासाठी शुगरफ्रीच्या गोळ्या आणि ती डॉक्टरांची जिभेखालची. तिन्ही सोडवून एकाच इवल्याशा प्लास्टिकच्या पुडीत भरल्या. पाकिटं, डबी, कागद, सगळं केरात. २३ ग्रॅमची बचत. दाढीवाल्यालाही हे सुचलेलं नाही.

तिन्ही पांढऱ्या आणि गोल आहेत, पण मला पाठ आहे. तरी शिस्त म्हणून लिहून ठेवतो. पाण्याची: सगळ्यात मोठी, मधे रेघ. चहाची: अगदी बारीक, साबुदाण्याएवढी. जिभेखालची: मधली, रेघ नाही, कडा जरा उतरत्या.

शनिवार, २६ जुलै

सकाळी ५ किलो ११०. एकशे दहा ग्रॅमने घोडं अडलं.

कपड्यांची लेबलं कापली. पट्ट्यांची जास्तीची टोकं कापली. शेवटी या वहीचा पुठ्ठा आणि मागची कोरी पानं कापली, ९३ ग्रॅम एकदम. दुपारी दोन वाजता काट्यावर आकडा आला: ४ किलो ९९०.

डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा दहा ग्रॅम कमी. पथ्य पाळावं तर असं.

कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं खाऊन साजरं केलं. परत येताना वाटेत चार दुकानांच्या काचा पाहत थांबलो. साड्या, पंखे, पुन्हा साड्या, आणि लग्नपत्रिका. एरवी माणूस आपल्या गल्लीकडे कधी नीट बघतच नाही.

गुरुवार, ३१ जुलै

ऑफिसमध्ये डॉ. वेणुगोपाल यांचा स्वतःचा फोन. सोमवारी चार तारखेला नक्की येतो, असं सांगितलं. ते म्हणाले, मिस्टर श्रीकांत, चार तारीख लांब आहे.

चार दिवस फक्त. या लोकांना कॅलेंडर समजत नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

सुजाता म्हणाली, मी पण येते. टार्प दोघांपुरताच आहे, असं सांगितलं. मग म्हणाली, तुझा चेहरा राखेसारखा दिसतोय. हॉलमधला नवा एलईडी तसलाच आहे, पांढरा फटक. तिने दिवा बंद करून मला खिडकीत नेऊन पाहिलं. जेवताना पुन्हा म्हणाली, रद्द कर ना रे, पुढच्या महिन्यात पुण्यालाच जाऊ तिघं, सिंहगडावर राहू.

पुढच्या महिन्यात मृण्मयीच्या मैत्रिणी असतील, कॉलेज असेल. कोण बापाबरोबर कापडाखाली झोपायला येतंय. हे सुजाताला बोललो नाही. मला चिडचिड झाली एवढंच तिला दिसलं.

तिने थालीपिठं, दही, लोणचं, गूळपोळ्या असं २ किलो ३०० बांधून दिलं. पाणी ३ लिटर. अन्नपाणी बेस वेटमध्ये धरत नाहीत.

शनिवार, २ ऑगस्ट, दुपारी ३.४०

वाटेत आहोत. गाडी खाली लावली. तिथे कणसं भाजून विकणारी एक बाई आहे, गंगू नावाची, बिदरकडची. आमचं मराठी ऐकून फार खूश झाली. मला खालून वर न्याहाळून म्हणाली, साहेब, वर कशाला जाता, इथेच बसा की कणीस खात. वर तरी काय, दगडच आहेत.

पहिला एक किलोमीटर झाला. जरा बसलोय. मृण्मयी म्हणाली, बाबा, बॅग दे. दिली नाही. पाच किलोच्या आत आहे ती, कागदोपत्री सिद्ध आहे. ती पुढच्या वळणापर्यंत जाऊन तलाव दिसतो का बघून येतेय. फार खुशीत आहे. आज सकाळपासून तिने एकदाही 'खरंच जातोय ना' विचारलं नाही.

छातीवरचा पट्टा घट्ट होतोय. सैल केला. तरी घट्ट.

बॅग काढून ठेवली. तरी घट्ट आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

काल आयसीयूतून खोलीत आणलं. पेन आज मिळालं.

मला अर्धवट आठवतंय, बाकीचं मृण्मयीने सांगितलं. ती वळणावरून परत आली तेव्हा मी दगडाला टेकून बसलो होतो आणि शर्ट घामाने चिंब होता. बोलता येत नव्हतं. फोनला रेंज नाही. तिने शिट्टी वाजवली (८ ग्रॅम, टायटॅनियम). खालून कोणीतरी शिट्टीनेच उत्तर दिलं, सहलीची पोरं आहेत असं समजून. मग ती ओरडली, तेव्हा गंगू शेगडी तशीच सोडून वर धावत आली.

मी बोटाने पुडी दाखवली. मृण्मयीने ती तळहातावर उपडी केली आणि विचारलं, बाबा, कुठली? सगळ्याच पांढऱ्या. मी वहीकडे बोट केलं.

पुढचं मात्र मला सगळं आठवतंय.

तिने वही उघडली. कुठल्या पानावर आहे ते तिला माहीत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. गंगूची शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. म्हणून मृण्मयीने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मोठ्याने वाचल्याशिवाय तिला अर्थ लागत नाही. न-वी व-ही. आ-ज-पा-सून. मी दगडाला टेकून माझीच रोजनिशी ऐकत होतो, माझ्या मुलीच्या तोंडून, एकेक अक्षर. तिला मराठी वाचता येत नाही हे वाक्य तिने पूर्ण वाचलं. ईसीजीच्या तीन पट्ट्या वाचल्या. पाच किलोची तांदळाची पिशवी वाचली. तिथे थांबून तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली मान घालून वाचायला लागली. डोळे गळत होते, ते ती बाहीने पुसत होती, कारण अक्षरं दिसत नव्हती.

वीस जूनपाशी, डाव्या पट्ट्याचं वाचत असताना, गंगू म्हणाली, पोरी, हे पट्ट्याचं नको, पुढं चल. मृण्मयी म्हणाली, पुढे सगळं पट्ट्याचंच आहे.

पण तिने मधल्या ओळी गाळायला सुरुवात केली. सदाशिव पेठ. साबण. बावन्न. मग एकोणीस जुलै.

तिच्या फोनच्या घड्याळाने अकरा मिनिटं लागली. मधली, रेघ नाही, कडा उतरत्या. तिने गोळी माझ्या जिभेखाली ठेवली.

सामानाबद्दल: टार्प उत्कृष्ट. गंगूचा भाऊ आणि आणखी तिघांनी मला त्यातच झोळी करून खाली नेलं. ९४ किलो, एक टाका उसवला नाही. खाली तिच्या भावाच्या ट्रॉली ऑटोत घातलं, रेंज आल्यावर वाटेत ॲम्ब्युलन्स भेटली. ऑटोत मी एकदा डोळे मिटले तेव्हा गंगूने बाबांचा आरसा काढून माझ्या नाकाशी धरला होता म्हणे, वाफ येते का बघायला. आली. तज्ज्ञांच्या पुस्तकांत आरशाचा हा उपयोग दिलेला नाही.

सुजाता माझं आधार कार्ड शोधत असताना तिने पहिल्यांदाच सामानाला हात लावला. निळ्या तंबूच्या पिशवीत फाइल सापडली. ती तिने डॉक्टरांना नेऊन दिली. माझ्याशी कालपासून औषधाच्या वेळा सोडून काहीच बोललेली नाही. ती बोलत असते ते किती बरं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

तीन नळ्या बंद आहेत. शुक्रवारी बायपास. डॉ. वेणुगोपाल भेटून गेले. रागावतील असं वाटलं होतं. नुसता खांद्यावर हात ठेवला आणि नंतर बाहेर सुजाताशी बराच वेळ बोलत होते. दार बंद होतं.

मृण्मयीने बारा तारखेचं तिकीट रद्द केलं. मी म्हटलं, तू जा, कॉलेज बुडवू नकोस. ती म्हणाली, बाबा, तू आता बोलू नकोस, प्लीज, तुझं काही खरं नसतं.

गुरुवार, ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५

काल रात्री मृण्मयी इथेच राहिली. माझ्या पलंगाशेजारी फरशीवर माझी मॅट, वर माझी स्लीपिंग बॅग, कपाळाला हेडलॅम्प. नर्स आली की लाल दिवा लावून बघायची. मॅट मस्त आहे बाबा, म्हणाली, हवा अजिबात गेली नाही. एक रात्र, आम्ही दोघंच. तलाव दिसत नव्हता, पार्किंग दिसत होतं.

सगळ्या पुड्यांवर तिने पांढरी चिकटपट्टी लावून मराठीत नावं घातली आहेत. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण लागतं. पट्टीचं वजन किती ते विचारलं नाही.

तिला विचारलं, बरा झाल्यावर जायचं ना पुन्हा, डिसेंबरमध्ये, थंडीत. तोपर्यंत चार किलोच्या आत आणतो. ती स्लीपिंग बॅगची चेन खालीवर करत बसली.

उद्या सकाळी सातला नेणार. आत्ता सिस्टरने येऊन सगळं काढून घेतलं. चष्मा सकाळपर्यंत राहू दिलाय. अंगठी, जानवं, घड्याळ, हातातला गंडा, खालचे दोन कवळीचे दात, सगळं एका पिशवीत घालून सुजाताच्या सहीने तिच्या ताब्यात. सही करताना सुजाताने माझं बोट धरून ठेवलं होतं. अंगावर पाठीमागून उघडा हिरवा झगा, तोही दवाखान्याचा.

म्हणजे बेस वेट शून्य. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वही आत नेऊ देत नाहीत. मृण्मयीकडे देतोय. तिला आता वाचता येतं.